ह्वाय खोऱ्यातील पाणीटंचाई : एक ऐतिहासिक विवेचन

चीनमधील पाणीटंचाईचे विवेचन करताना अभ्यासकांचा भर प्रायः दोन गोष्टींवर असतो : उत्तरेकडील अल्प पर्जन्य आणि वाढती लोकसंख्या. ही कारणे खरी असली, तरी पुरेशी नाहीत. ह्वाय नदीच्या काठी १९९४ साली ऐन पावसाळ्यात लाखो लोकांना पिण्याचे पाणी मिळेनासे झाले. ही टंचाई कशी घडत गेली, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

ह्वाय ही पीत नदी आणि यांगत्से यांच्या दरम्यान सुमारे १,००० किलोमीटर वाहते. तिच्या दक्षिणेस भात व उत्तरेस गहू, अशी चिनी शेतीची स्थूल विभागणी आहे. बाराव्या शतकात पीत नदीने प्रवाह बदलून ह्वायच्या मुखाकडील पात्र व्यापले व १८५५ मध्ये ते सोडले. तोवर ते पात्र गाळाने भरून गेले होते. समुद्राची वाट हरवलेली ही नदी त्यानंतर पुरांसाठी कुप्रसिद्ध झाली. म्हणून १९५० च्या महापुरानंतर नव्या राजवटीने ह्वायच्या नियंत्रणाचे कार्य अग्रक्रमाने हाती घेतले. पुढील दशकांत मुख्य नदीवर व उपनद्यांवर हजारो धरणे, बंधारे व दरवाजे उभे राहिले. पूर आवरणे आणि कोरड्या ऋतूसाठी पाणी साठविणे हे त्यांचे प्रयोजन होते.

१९७८ नंतरच्या आर्थिक धोरणामुळे या खोऱ्यात ग्रामीण उद्योग झपाट्याने वाढले. गव्हाचे काड विपुल असल्याने त्यापासून लगदा करणारे छोटे कागद-कारखाने निघाले. कातडी कमावण्याचे व मद्यनिर्मितीचे उद्योगही वाढले. लगद्याच्या काळ्या सांडपाण्यातील रसायने परत मिळविण्याची यंत्रणा लहान कारखान्यांना परवडत नसे. ते पाणी सरळ उपनद्यांत जाई. कोरड्या ऋतूत दरवाजे बंद असत, त्यामुळे पाण्याबरोबर घाणही साठे. जे बांधकाम टंचाईच्या निवारणार्थ झाले होते, तेच अशा रीतीने दूषित पाण्याचे कोठार बनले.

जुलै १९९४ मध्ये जोराचा पाऊस झाला आणि पुराच्या भीतीने वरच्या भागातील दरवाजे उघडण्यात आले. सुमारे २० कोटी घनमीटर दूषित पाणी ७० किलोमीटर लांबीच्या पट्ट्याच्या रूपाने खाली सरकत गेले. काठच्या नगरांचा पाणीपुरवठा बंद पडला. हुंगत्स सरोवरातील मासे मेले. नदी समोर वाहत होती, परंतु तिचे पाणी पिता येत नव्हते.

शासनाने ऑगस्ट १९९५ मध्ये खास या खोऱ्यासाठी प्रदूषण-नियंत्रणाची नियमावली जारी केली. १९९६ च्या मध्यापर्यंत छोटे कागद-कारखाने बंद करावेत, १९९७ अखेर सर्व उद्योगांनी सांडपाण्याची प्रमाणके पाळावीत आणि २००० पर्यंत नदी निर्मळ व्हावी, असा क्रम ठरला. शेकडो कारखाने बंद झालेही. तथापि स्थानिक शासनांचा महसूल व गावकऱ्यांचा रोजगार याच उद्योगांवर अवलंबून होता. ज्यांनी नियम अंमलात आणावयाचे, त्यांचेच उत्पन्न त्यामुळे घटणार होते. शिवाय लाभ वरच्या भागास आणि हानी खालच्या भागास, अशी स्थिती होती. जुलै २००४ मध्ये १३० किलोमीटरहून लांब दूषित पट्टा पुन्हा नदीतून गेला, तेव्हा मुदतींचा फोलपणा उघड झाला.

याच सुमारास यांगत्सेचे पाणी उत्तरेस नेण्याच्या प्रचंड योजनेचा प्रारंभ झाला होता (२००२). तिचा पूर्व मार्ग प्राचीन महाकालव्याच्या आधाराने ह्वाय खोऱ्यातील सरोवरांतूनच जातो. साहजिकच पाणी आणण्यापूर्वी ती सरोवरे शुद्ध करणे अपरिहार्य ठरले. त्यावर मोठा खर्च झाल्यानंतर २०१३ मध्ये हा मार्ग कार्यान्वित झाला. दूरचे पाणी आणावयाचे, तरी जवळचे पाणी स्वच्छ करण्यापासून सुटका नाही, हे येथे प्रत्ययास आले.

ह्वायच्या इतिहासावरून असे दिसते की, पाण्याचा साठा आणि पाण्याची उपलब्धता या दोन भिन्न गोष्टी आहेत. म्हणून उद्योगप्रधान होऊ पाहणाऱ्या देशाच्या जलसंपत्तीची गणना केवळ घनमीटरांत करणे इतिहासदृष्ट्या अपुरे ठरते. त्या पाण्यापैकी किती पाणी मनुष्याच्या ओंजळीत घेण्याजोगे उरले, हेही त्या गणनेत आले पाहिजे.