डिस्क-विभाजन, फ्रीबीएसडीमधील

संगणकाच्या डिस्कचे स्वतंत्रपणे वापरता येतील असे भाग पाडणे, यास डिस्क-विभाजन म्हणतात. प्रत्येक भागाचा आरंभ व लांबी यांची नोंद डिस्कवरील एका कोष्टकात असते. आयबीएम पीसीच्या घराण्यातील संगणकांत १९८३ पासून रूढ झालेल्या पद्धतीत हे कोष्टक अवघे ६४ बाइटचे असून त्यात चारच नोंदी मावतात. नोंद चुकल्यास माहिती डिस्कवर असूनही सापडेनाशी होते, व तीवर नवे लेखन झाल्यास कायमची जाते. परिचालन प्रणाली संगणकावर बसविताना विभाजनाचा टप्पा सर्वांत धोक्याचा मानला जातो, तो यामुळेच.

बर्कली येथील युनिक्स-परंपरेतून १९९३ मध्ये निघालेल्या फ्रीबीएसडी या मुक्त स्रोत प्रणालीत हे काम ‘सिसइन्स्टॉल’ ही आज्ञावली करीत असे. ती जॉर्डन हबर्ड यांनी लिहिली. तीत विभाजन दोन पडद्यांवर होई : पहिल्यावर डिस्कचे जास्तीत जास्त चार ‘स्लाइस’ पाडावयाचे आणि दुसऱ्यावर स्लाइसच्या पोटात मूळ फाइल-व्यवस्था, स्वॅप इ. भाग आखावयाचे. इतरत्र ज्यास पार्टिशन म्हणतात त्यास येथे स्लाइस आणि स्लाइसच्या पोटभागास पार्टिशन म्हणत. नवख्याची गफलत बहुधा येथेच होई. बदल अखेरच्या संमतीपर्यंत डिस्कवर उतरत नसत, ही सोय विचारपूर्वक केलेली होती. मात्र ‘डब्ल्यू’ ही कळ दाबली, की ते तत्काळ लिहिले जात.

सिसइन्स्टॉल हा मुळात कच्चा नमुना होता. त्याची मुदत कित्येक वर्षांपूर्वीच उलटली असून तो नष्ट होणे आवश्यक आहे, अशी कबुली त्याच्याच अधिकृत माहितीपत्रात ‘दोष’ या शीर्षकाखाली छापलेली होती. इतका प्रांजळपणा व्यापारी सॉफ्टवेअरमध्ये क्वचितच आढळेल. तरीही तो दीड दशकाहून अधिक काळ टिकला. प्रणाली एकदा बसविली, की वापरणाऱ्यास हा पडदा पुन्हा पाहावा लागत नाही; आणि दुसऱ्याची डिस्क पुसू शकणारी आज्ञावली नव्याने लिहिण्याची जोखीम स्वयंसेवकांनी टाळावी, हेही स्वाभाविकच. त्याची जागा घेण्यासाठी हाती घेतलेला ‘लिबएच’ हा प्रकल्प अपुराच राहिला. पुढे २००७ मध्ये गूगलच्या उन्हाळी उपक्रमात आरंभिलेला ‘एफइन्स्टॉल’ही प्रणालीच्या मुख्य वितरणात आला नाही.

दरम्यान डिस्कच बदलल्या. जुने कोष्टक ५१२ बाइटच्या सेक्टरांत सु. २ टेराबाइटपलीकडे पोहोचत नाही. त्याऐवजी जीपीटी हे कोष्टक आले. फ्रीबीएसडी ७.० मध्ये (२००८) झेडएफएस ही फाइल-व्यवस्था दाखल झाली. सिसइन्स्टॉलला यांपैकी काहीच हाताळता येत नव्हते. परिणामी प्रणालीत उपलब्ध असलेल्या सोयींसाठी जाणकारांना विभाजन हाताने आज्ञा देऊनच करावे लागे. इतरांना त्या सोयी असून नसल्यासारख्याच होत्या.

जानेवारी २०१२ मधील ९.० या आवृत्तीत ‘बीएसडीइन्स्टॉल’ आले. त्यात जीपीटीची सोय होती, पण झेडएफएसची नव्हती; हवे असल्यास विभाजनापुरते शेलमध्ये उतरण्याचा पर्याय ठेवलेला होता. ही उणीव १०.० या आवृत्तीत (२०१४) भरून निघाली व त्याच आवृत्तीतून सिसइन्स्टॉल काढून टाकण्यात आला.