रात्री दोनचं डायनर

२००४ साली मी न्यू जर्सीत एडिसनला ऑनसाइट होतो, तेव्हाची गोष्ट. शनिवारी रात्री प्रॉडक्शन रिलीज असायचं आणि ते हमखास बोंबलायचं. रोलबॅक वगैरे उरकून रात्री दोन-अडीचला आम्ही चौघं बाहेर पडायचो. पोटात कावळे! त्या वेळी हायवेवर उघडं असायचं ते फक्त डायनर. स्टेनलेस स्टीलचा लांबुळका चकचकीत डबा, वर निऑनची अक्षरं, आत लाल रेक्झिनची बाकं.

मला कित्येक दिवस वाटायचं की हा रेल्वेचा जुना डबा असणार. तिथल्या बऱ्याच लोकांचाही हाच समज असतो. काही ठिकाणी जुन्या ट्रामचे डबे वापरले होते हे खरं, पण बहुतेक डायनर ही कारखान्यात मुद्दाम डायनर म्हणूनच बनवलेली. मूळ मात्र घोडागाडीत आहे. १८७२ साली ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने (कादंबरीवाला नव्हे!) एका वर्तमानपत्राच्या कचेरीसमोर खाण्याची गाडी उभी करायला सुरुवात केली. हा आधी छापखान्यात काम करणारा. रात्रपाळीच्या लोकांना आठनंतर गावात काही मिळत नाही, हे त्याला ठाऊक होतं. सँडविच, उकडलेली अंडी, पाय, कॉफी. गिऱ्हाईक फुटपाथवर उभं राहून खायचं. १८८७ मध्ये वुस्टरच्या सॅम्युएल जोन्सने गिऱ्हाइकाला आत उभं राहता येईल अशी गाडी बांधली. म्हणजे बघा, आमच्यासारख्या रात्री दोनच्या भुकेल्यांसाठीच हा प्रकार जन्माला आला.

१९१३ च्या सुमारास जेरी ओमाहोनी याने न्यू जर्सीत या गाड्या बांधून विकायला सुरुवात केली. पुढे त्याच्या कंपनीने साधारण दोन हजार बांधल्या असं म्हणतात. अख्खं हॉटेल कारखान्यातून तयार होऊन रेल्वेने किंवा ट्रकवरून जायचं, त्यामुळे रुंदीला मर्यादा. म्हणून लांबच्या लांब काउंटर, समोर फिरती स्टुलं, आणि पलीकडे तुमच्या डोळ्यांदेखत तव्यावर अंडी फोडणारा आचारी. आपण ज्याला 'डायनरचं वातावरण' म्हणतो, ते खरं म्हणजे वाहतुकीच्या अडचणीतून आलंय. (सॉफ्टवेअरमध्येही असले प्रकार होतात, पण ते पुन्हा कधीतरी.) कारखाने न्यू जर्सीतच जास्त, म्हणून तिथे डायनरंही जागोजाग.

खाण्याचं म्हणाल तर मेन्यूकार्ड वहीएवढं जाड आणि दिवसभर सगळं मिळणार. रात्री दोनला पॅनकेक मागितले तरी कोणी भुवई उंचावत नाही. आमच्यातला एक कट्टर शाकाहारी. त्याच तव्यावर बेकन परततात हे त्याने पाहिलं आणि तेव्हापासून तो फक्त टोस्ट आणि कॉफीवर राहिला. मी मात्र होम फ्राइजचा भक्त. उकडलेल्या बटाट्याची परतलेली भाजी, फक्त मोहरी-हळद विसरलेली. कॉफी कितीही वेळा भरून मिळायची, आणि वाढणाऱ्या बाई सगळ्यांना 'हनी' म्हणायच्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर पुष्कळ डायनर ग्रीक लोकांच्या हाती गेली. आपल्याकडे इराण्यांनी केलं तसंच. न्यू यॉर्कचा तो निळा-पांढरा ग्रीक नक्षीचा कॉफीचा कप आठवतो? तो १९६३ मध्ये लेस्ली बकने काढला. हा स्वतः ग्रीक नव्हे, तर नाझी छळछावण्यांतून वाचलेला चेकोस्लोव्हाकियाचा ज्यू. ग्रीक मालकांना आवडेल म्हणून त्याने ही नक्षी काढली.

हे सगळं वाचून डायनर म्हणजे सर्वांना सामावणारी जागा, असं लिहायचा मोह होतो. अमेरिकन लोक लिहितातही. पण जून १९६१ मध्ये चाड देशाचे नवे राजदूत अ‍ॅडम मलिक सो न्यू यॉर्कहून वॉशिंग्टनला निघाले होते, राष्ट्राध्यक्ष केनेडींना आपली अधिकारपत्रं द्यायला. वाटेत मेरीलँडमध्ये रूट ४० वरच्या एका डायनरमध्ये कॉफी प्यायला उतरले. काळे म्हणून त्यांना कॉफी नाकारली! राजदूत असल्यामुळे बोभाटा झाला, परराष्ट्र खातं मध्ये पडलं, त्याच वर्षी त्या रस्त्यावर आंदोलनही झालं. रोज तसंच परत फिरणाऱ्या स्थानिक काळ्यांची दखल कोण घेणार? देशभर अशी बंदी बेकायदा ठरली ती १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने. म्हणजे आम्ही चार सावळी पोरं त्या लाल बाकांवर बिनधास्त बसलो होतो, ते जेमतेम चाळीस वर्षांनी. 'हनी' ऐकताना मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मागच्या वर्षी कामानिमित्त पुन्हा तिकडे गेलो होतो. रात्री अकराला मुद्दाम गाडी काढून आमच्या डायनरला गेलो तर अंधार. २०२० च्या कोविडनंतर तिकडच्या बऱ्याच डायनरनी रात्रभर उघडं ठेवणं सोडून दिलंय. रात्री कामाला माणसं मिळत नाहीत म्हणे. दारावर पाटी होती, सकाळी ७ ते रात्री ९. रात्रपाळीवाल्यांसाठी निघालेलं दुकान, आणि रात्री बंद!

पार्किंगमध्ये दुसरी एक गाडी येऊन थांबली. हॉस्पिटलचे निळे कपडे घातलेली एक बाई उतरली, पाटी वाचली आणि परत गेली.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जाऊन काउंटरवर बसलो. होम फ्राइज मागवले. मीठ अजूनही कमीच घालतात.