नारायणगावकर तमाशा फड

नारायणगावकर तमाशा फड : पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील नारायणगावाचे नाव लावणारा, खुडे घराण्याने उभारलेला ढोलकी-फडाचा तमाशा. पूर्ण नाव ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’. शिरूर तालुक्यातील कवठे यमाई येथील नारायण खुडे यांनी तो सुरू केला. त्यांच्या भाऊ आणि बापू या मुलांनी तो वाढवला. भाऊंची मुलगी विठाबाई (१९३५–२००२) हिने त्याला महाराष्ट्रभर कीर्ती मिळवून दिली. मालकांनी आपली मांग (मातंग) ही जात फडाच्या नावातच लावली होती. ज्या गावांत त्यांच्या जातीला पाणवठ्यावर मज्जाव होता, त्याच गावांत फड त्या नावाने वाजतगाजत जात असे. या नोंदीत फडाबरोबरच त्याच्या आसपासच्या, म्हणजे पिंपरी, मावळ, चाकण, खेड या पट्ट्यातल्या कलावंतांची घरे, जाती आणि जगणे यांचाही विचार केला आहे, कारण त्याशिवाय फड समजत नाही.

नाशिक फाट्यावरून निघालेला रस्ता भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर ओलांडून नारायणगावाला पोहोचतो. पुण्यापासून हे अंतर सुमारे ७५ किलोमीटर. नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास गावात फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडमालकाच्या नावाचा फलक असतो, आत व्यवस्थापक वही घेऊन बसतो. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, मागच्या वर्षीचा वग, म्हणजे तमाशातले नाट्य, कसा झाला ते सांगतात, नवा कोणता बसवला ते विचारतात, तारखेची आणि रकमेची घासाघीस करतात आणि सुपारी देऊन जातात. चैत्र-वैशाखातल्या यात्रांचा सगळा हंगाम या राहुट्यांतून ठरतो.

यात्रेतला तमाशा गावाच्या पैशाने होतो. घरटी पट्टी गोळा होते, तीतून फडाची बिदागी दिली जाते आणि खेळ सर्वांना फुकट असतो. रात्रभर वग झाला की सकाळी देवळापुढे हजेरी होते, दुपारी कुस्त्यांचा आखाडा. फडाने नुसते नाचून निघून जाण्याची ही व्यवस्था नव्हे. देवाच्या उत्सवात त्याला नेमून दिलेले काम आहे. दसऱ्याला फड बाहेर पडल्यापासून यात्रा सुरू होईपर्यंतचे महिने मात्र कनातीचे, तिकीट लावून खेळ करण्याचे. बुद्धपौर्णिमेनंतर फड मोडतो.

खेळाचा क्रम जुना आहे : गण, गवळण, बतावणी, रंगबाजीच्या लावण्या आणि शेवटी वग. ढोलकी, हलगी, तुणतुणे, मंजिरी ही मूळ वाद्ये. पेटी, क्लॅरिनेट आणि कीबोर्ड नंतर आले. नाचणारी स्त्री, तिला छेडणारा सोंगाड्या, साथ धरणारे सुरत्ये आणि सगळ्यांना बांधून ठेवणारा सरदार अशी ही मांडणी आहे. पूर्वी स्त्रीची कामे नाच्या पोऱ्या करत असे. शाहीर पठ्ठे बापूराव यांच्या फडात पवळा हिवरगावकर आली आणि स्त्रीने फडावर उभे राहण्याची वाट रुळली. या जोडीची घरे पाहावीत : बापूराव म्हणजे वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, ब्राह्मण, पवळा संगमनेर तालुक्यातील हिवरगावची, महार. फडासाठी बापूरावांनी घर आणि जात दोन्ही सोडली.

वगाचा पाया मातंग कलावंतांनी घातला. पहिला वग मानला जाणारा ‘मोहना-बटाव’ उमाजी-बाबाजी सावळजकर या मांग बंधूंचा, १८६५ चा. मातंगांकडे वाद्यांचा वारसा होता, कोल्हाट्यांकडे कसरतीने घडलेले शरीर, महारांकडे शाहिरीची परंपरा. गोपाळ, डोंबारी, मुसलमान, मराठे असे सगळे एकाच कनातीत राहत, एकाच भटारखान्यात जेवत. गावात वेगवेगळ्या आळ्यांत बसणाऱ्या माणसांचे असे एकत्र राहणे त्या काळात दुसरीकडे क्वचितच होते. तरीही फड समतेचे बेट होता असे म्हणणे खोटे ठरेल. नाचणाऱ्या बाईला प्रेक्षकांतून जे ऐकावे लागे आणि फड गावाबाहेर उतरवला जाई, त्यात तिची जात आणि तिचे बाईपण दोन्ही होते. संगीतबारीतल्या, म्हणजे वगाविना नुसत्या गाण्या-नाचाच्या तमाशातल्या, कोल्हाटी स्त्रियांचे जगणे तर याहून कठीण. त्यांच्या घरात वाढलेल्या मुलाने ते जगणे किशोर शांताबाई काळे या नावाने ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) मध्ये मांडले आहे.

विठाबाईंचा जन्म पंढरपूरचा, म्हणून नाव विठा. वडील आणि चुलते यांच्या फडात ती लहानपणीच नाचू लागली. शाळा झाली नाही. तिच्या आवाजाला धार होती, पायांत चाळ बांधून ती तासन्‌तास टिकून नाचे, आणि वगात संवाद बोलायला लागली की तीच सरदार होई. गरोदर असताना खेळ करता करता कळा आल्या, ती पडद्यामागे गेली, बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि लुगडे आवळून पुन्हा फडावर आली, ही घटना महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. ती तिच्या धैर्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते आणि धैर्य होतेच. पण बाळंतपणाच्या रात्रीही खेळ थांबवता येऊ नये अशी फडाची आर्थिक स्थिती होती, ही गोष्ट त्यासोबत सांगितली पाहिजे. १९६२ च्या चीन युद्धात तिने जवानांसाठी कार्यक्रम केले. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा गौरव झाला. शेवटच्या आजारात उपचाराच्या खर्चासाठी लोकांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागले. १५ जानेवारी २००२ रोजी ती गेली. २००६ पासून राज्य शासनाने तिच्या नावाने तमाशातील जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. मुलगी मंगला बनसोडे यांनी आईची गादी चालवली आणि मुलगा नितीनकुमार याच्यासह स्वतःचा मोठा फड उभा केला.

पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, तळेगाव–चाकण रस्त्यावर इंद्रायणीकाठी इंदुरी आहे. तिथले गजानन सरोदे म्हणजे दादू इंदुरीकर (१९२८–१९८०). हरिभाऊ वडगावकरांच्या ‘गाढवाचं लग्न’ या वगातला त्यांचा सावळ्या कुंभार आणि समोर प्रभा शिवणेकर यांची गंगी ही जोडी शहरी नाट्यगृहांतही गाजली. लिहिलेल्या संहितेपेक्षा समोरच्या प्रेक्षकाकडे बघून बोलणे हा सोंगाड्याचा धर्म. दादूंनी तो इतका पक्का पाळला की वग रोज वेगळा होई. १९७३ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. आज त्यांच्या गावाभोवती कारखान्यांच्या भिंती आहेत, आणि औद्योगिक पट्ट्याच्या इतिहासात त्यांचे नाव क्वचितच येते. ते यायला हवे.

शेजारच्या संगमनेरशी जोडलेल्या कांताबाई सातारकर या गुजरातमधील डभोईत जन्मल्या. त्या तुकाराम खेडकरांच्या फडात आल्या आणि खेडकरांच्या मृत्यूनंतर मुलांना घेऊन त्यांनी स्वतःचा फड चालवला. वगात त्या छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका करत. २०२१ च्या मे महिन्यात करोनाने त्यांचे निधन झाले. मुलगा रघुवीर खेडकर फड चालवतो.

फडाला पुढारी आणि शाहीर यांनीही हात घातला. वाटेगावच्या मातंग घरातले अण्णाभाऊ साठे नातेवाईक बापू साठे यांच्या फडात तयार झाले आणि १९४४ मध्ये बार्शीचे अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. गण राहिला, पण वंदन देवाऐवजी मायभूमीला आणि छत्रपती शिवरायांना झाले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. ती उठली तेव्हा संहितेची तपासणी बंधनकारक झाली आणि ‘लोकनाट्य’ हे नाव प्रतिष्ठित ठरले.

घराण्यातून आलेला नाच, समाजाने खालच्या पायरीवर ठेवलेली माणसे आणि त्याच माणसांच्या कलेवर झुलणारा समाज हे चित्र स्पेनच्या आंदालुसियातही आहे. तिथल्या फ्लामेंकोत खितानो म्हणजे रोमा घराण्यांचा वाटा मोठा, आणि रोमांच्या भाषेची मुळे उत्तर भारतात सापडतात. तमाशाशी त्याचे थेट नाते जोडायला आधार नाही. पण बार्सिलोनाच्या समुद्रकाठच्या सोमोरोस्त्रो या झोपडवस्तीत जन्मलेली, गिटार वाजवणाऱ्या वडिलांबरोबर लहानपणापासून दारूच्या गुत्त्यांत नाचलेली कार्मेन अमाया आणि भाऊ खुड्यांबरोबर फडावर उभी राहिलेली विठाबाई यांची बालपणे शेजारी ठेवली की दोन्ही कला कुठे घडल्या ते कळते. २०१० मध्ये युनेस्कोने फ्लामेंकोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. तमाशा अजून त्या यादीत नाही.

फडाच्या आसपासच्या पट्ट्यात, पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे आकुर्डी, भोसरी आणि चाकणपर्यंत वाहनांचे कारखाने पसरले. शेती गेली, गावठाणे उरली. आणि गावठाणांनी भैरवनाथाच्या यात्रा सोडल्या नाहीत. सातारा, मराठवाडा, खानदेशातून आलेले कामगारही या यात्रांत मिसळले, कारण त्यांच्या गावीही हाच वग होई. निगडीत अण्णाभाऊंच्या जयंतीनिमित्त पिंपरी-चिंचवड महापालिका भरवते त्या प्रबोधन पर्वात लोककलांना मंच मिळतो. मात्र आता अनेक यात्रा कमिट्या तमाशाऐवजी ऑर्केस्ट्रा किंवा नुसत्या लावण्यांचा कार्यक्रम ठरवतात. त्याचा खर्च कमी, माणसे कमी, आणि वग नाही. वग गेला की सोंगाड्या, सरदार, सुरत्ये सगळे बेकार होतात.

फडाचा कारभार उचलीवर चालतो. पावसाळ्यात कलावंत मालकाकडून पैसे उचलतो आणि हंगामभर नाचून फेडतो. मालक ते सावकाराकडून आणतो. करोनामुळे २०२० आणि २०२१ च्या यात्रा बुडाल्या तेव्हा ही साखळी दोन्ही टोकांनी तुटली. कलावंत शेतमजुरीला गेले. फडाबरोबर फिरणाऱ्या मुलांची शाळा आधीच बेभरवशाची होती, ती त्या वर्षांत पार सुटली. अशा मुलांना ठेवून घेऊन शिकवण्याचे काम बीड जिल्ह्यातील ब्रह्मनाथ येळंब येथील सेवाश्रमासारख्या लोकवर्गणीवर चालणाऱ्या संस्था करतात. नारायणगावात, जिथे दरवर्षी सगळे फड जमतात, तिथे फडातल्या मुलांसाठी वसतिगृह असणे हे गावाचे आणि शासनाचे काम आहे.