पावती कुठाय?

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत एक जुनी वही आहे. माझा बाप गावच्या जयंती मंडळाचा खजिनदार होता, त्याच्या हातची. कर्जत-खालापूरच्या आमच्या पट्ट्यात तेव्हा भीमजयंती म्हणजे दोन पेट्रोमॅक्स, भाड्याचा भोंगा आणि सगळ्या वाड्याचं एक जेवण. वहीत एकेक ओळ आहे. कुणाचे आठ आणे, कुणाचे पायलीभर तांदूळ, मुंबई मंडळाची मनिऑर्डर. एका विधवा बाईच्या नावापुढे लिहिलंय, 'चार आणे जमा, बाकी चार आणे सुगीनंतर.' जयंती झाली की समाजमंदिरात जमाखर्च वाचला जायचा. सहा आण्यांचा घोळ निघाला तरी अर्धी रात्र भांडणात जायची. पोरवयात मला त्याची लाज वाटायची. एवढ्याशा पैशासाठी केवढा कालवा!

आता अलीकडची गोष्ट. आमच्या जमाखर्चाच्या कागदावर एक ओळ आली : 'एक हितचिंतक – ५१,००० रुपये.' एक्सप्रेसवे झाल्यापासून इकडे जमिनीला सोन्याचा भाव आला, डोंगराच्या पायथ्याला फार्महाऊस उठले. त्यातल्याच एकाचं हे पाकीट. 'नाव नको,' एवढंच म्हणाला. पाकीट घेणाऱ्यांत मीही होतो. डीजे आला, कमान उभी राहिली, पोरं खूश.

पावसाळ्यात त्याच माणसाने तारेचं कुंपण घातलं आणि आमची मसणवट्याची वाट त्याच्या आत गेली. एरवी आमची पोरं तासाभरात मोर्चा काढतात. या वेळी कोण पुढे होईना. 'अरे, त्याने जयंतीला दिलंय रे,' म्हणून एकमेकांची तोंडं बघत राहिली. बैठकीत एक म्हातारी उठली. म्हणाली, "ह्यो हितचिंतक कोन? त्याला नाव नाय काय? आन नाव नाय तर पावती कोनाच्या नावानं फाडली?"

उत्तर कुणाकडेच नव्हतं. म्हणून मी इतिहास उकरायला बसलो. उकरल्यावर कळलं, म्हातारीचा प्रश्न या देशात नवा नाही. वरच्या लोकांनी तो वेळोवेळी दाबला आहे.

देवळाच्या पेटीवर लिहिलेलं असतं, 'गुप्तदान महापुण्य.' देवळात असेल पुण्य. राजकारणात गुप्तदान कुणापासून गुप्त असतं? देणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक. ठाऊक नसतं फक्त मत देणाऱ्याला. दोघांनी मिळून तिसऱ्यापासून लपवलेली गोष्ट, हिला दान म्हणत नाहीत. हा सौदा आहे.

कुणी म्हणेल, श्रीमंताचा पैसा घेऊच नये काय? तसं नाही. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा शाहू महाराजांनी बाबासाहेबांना अडीच हजार रुपये दिले. राजाचा पैसा. पण तो कुणी दिला, किती दिला, कशासाठी दिला, हे आज शाळकरी पोरगंही सांगतं. आकडा उजेडात आहे, म्हणून त्या पैशाने बाबासाहेबांची लेखणी वाकली का, हे कुणीही तपासून बघावं. नाव नसलेल्या पैशाची अशी तपासणी होत नाही.

आपल्या दोन्ही तालुक्यांत टाटांची वीजघरं आहेत. खोपोलीचं १९१५ चं आणि भिवपुरीचं १९२२ चं. घाटावरचं पाणी आपल्या डोंगरातून उतरवून मुंबईच्या गिरण्या चालल्या. याच घराण्याची टाटा आयर्न अँड स्टील कंपनी १९५७ साली मुंबई हायकोर्टात उभी होती. राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून तिला आपल्या घटनापत्रात बदल करून हवा होता. मुख्य न्यायाधीश छागला यांनी परवानगी दिली, कारण कायद्यात अडवण्याची सोय नव्हती. पण बजावलं, की धनवानांची थैली पक्षांच्या मागे उभी राहिली तर लोकशाहीचा गळा घोटला जाईल, संसदेने वेळीच लक्ष घालावं. पुढे १९६० साली कायद्याने अशा देणग्यांना मर्यादा घातली आणि त्या हिशेबात दाखवायला लावल्या. म्हणजे म्हातारीचा प्रश्न हायकोर्टालाही पडला होता.

१९६९ साली इंदिरा सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी घातली. ऐकायला क्रांतिकारक. पण निवडणुकीचा खर्च काही थांबला नाही आणि सरकारी पैशातून तो भागवायची सोयही केली नाही. मग पैसा चेकातून बॅगेत गेला. १९७४ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच हिशेबात धरा. तर सरकारने लगेच वटहुकूम काढून कायदाच बदलला आणि तो निकाल निकामी केला. १९८५ साली कंपन्यांना पुन्हा मोकळीक मिळाली.

याच दरम्यान आपल्या जिल्ह्याची गोष्ट घडली. बॅरिस्टर अंतुले, म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे. १९८० साली मुख्यमंत्री झाले. कुलाबा जिल्ह्याचं रायगड हे नाव १९८१ पासूनचं, त्यांच्याच कारकिर्दीतलं. संजय गांधी निराधार योजनाही त्यांचीच. तिचे पैसे आमच्या वाड्यातल्या म्हाताऱ्यांनी घेतले आहेत, ते विसरून चालणार नाही. पण तेव्हा सिमेंटचं पोतं परमिटाशिवाय मिळत नव्हतं आणि परमिट सरकारच्या हातात. मुंबईच्या बिल्डरांना सिमेंट हवं होतं. अंतुल्यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान आणि दुसरे काही न्यास काढले. बिल्डरांनी न्यासाला देणग्या दिल्या, बिल्डरांना सिमेंट मिळालं. साखर कारखान्यांकडूनही देणग्या आल्या. ३१ ऑगस्ट १९८१ ला 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अरुण शौरींनी हे छापलं. प्रा. पी. बी. सामंत, मृणाल गोरे कोर्टात गेले. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला, की देणगी आणि सिमेंट यांचा संबंध आहे. अंतुल्यांनी राजीनामा दिला. फौजदारी खटला पुढे वर्षानुवर्षे चालला, शिक्षा झाली नाही. साखरवाल्यांच्या डोळ्यांत खुपत होता म्हणून कोकणातला मुसलमान तेवढा पकडला, असं आपल्याकडे आजही बोललं जातं. त्यात तथ्य असेलही. बाकीचे काही धुतल्या तांदळाचे नव्हते.

पण मित्रांनो, इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. अंतुले सापडले कशाने? देणग्या चेकाने होत्या, न्यासाच्या दप्तरात नावं होती, सिमेंटच्या वाटपाची यादीही होती. दोन कागद शेजारी ठेवले आणि सौदा दिसला. पावती होती म्हणून राजा खुर्चीवरून उतरला.

हा धडा आपण घेतला नाही. त्यांनी मात्र घेतला. पुढच्या वेळी कागदच असा करायचा, की त्यावर नाव नको.

२०१७ च्या वित्त कायद्याने निवडणूक रोखे आणले, २ जानेवारी २०१८ ला योजना जाहीर झाली. स्टेट बँकेत जायचं, हजारापासून एक कोटीपर्यंतचा रोखा घ्यायचा, पक्षाला द्यायचा. रोख्यावर नाव नाही. नफ्याच्या साडेसात टक्क्यांची कंपन्यांवरची मर्यादा काढून टाकली. कुठल्या पक्षाला दिले ते कंपनीने सांगण्याची अटही काढली. तोट्यातली कंपनीही देणगी द्यायला मोकळी. आणि मागच्या निवडणुकीत किमान एक टक्का मतं मिळवणाऱ्या पक्षालाच रोखा वटवता येणार. म्हणजे आपले बहुतेक रिपब्लिकन गट दाराबाहेरच! आपण फुटत राहिलो आणि त्यांनी दाराची उंची ठरवली. २०१८ सालीच एका पत्रकार बाईने रोखा प्रयोगशाळेत तपासून घेतला, तर अतिनील प्रकाशात त्यावर लपलेला आकडा दिसला. लोकांना न दिसणारी खूण सरकारी बँकेच्या कागदावर होतीच.

सहा वर्षांत साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेले. रकमेने बघितलं तर नव्वद टक्क्यांहून जास्त एकेक कोटीचे. आमच्या वहीतली चार आणेवाली बाई त्यात कुठे बसते? १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या घटनापीठाने योजना घटनाबाह्य ठरवली. मतदाराला जाणण्याचा हक्क आहे, असं सांगितलं. बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभेची निवडणूक उरकल्यावर. कोर्टाने ती दिली नाही. मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या. एप्रिल २०१९ नंतरच्या पैशातला जवळजवळ निम्मा एकट्या भाजपला. काँग्रेस, तृणमूल, शिवसेना, राष्ट्रवादी यांचीही नावं होती. देणाऱ्यांत दुसऱ्या नंबरवर मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटी. याच कंपनीला २०२३ मध्ये ठाणे-बोरिवली बोगद्याचं काम मिळालं. देणगीमुळेच मिळालं, हे कुठल्या कोर्टाने ठरवलेलं नाही. पण रोखा आणि कंत्राट शेजारी ठेवून बघण्याचा हक्क सहा वर्षं आपल्यापासून काढून घेतला होता, एवढं तर सिद्ध झालं.

आणि सगळं अजून उजेडात नाही. वीस हजारांपर्यंतची देणगी देणाऱ्याचं नाव जाहीर करण्याची सक्ती पक्षावर आजही नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी घटना समितीत बजावलं होतं, की राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य मानायचं आणि सामाजिक-आर्थिक जीवनात ते नाकारायचं, हा विरोध फार काळ चालणार नाही. गुप्त थैली त्याच्याही पुढे जाते. ती मतपेटीतलं एक मूल्यही खाते. बाई एक मत टाकते, थैलीवालाही एकच टाकतो, पण निवडून आलेला माणूस फोन थैलीवाल्याचा उचलतो.

हे दिल्लीपुरतं आहे असं समजू नका. ५१ हजारांत आमचा मोर्चा थांबला. कोटींत काय काय थांबत असेल, याचा हिशेब तुम्हीच करा. ज्या चळवळीला स्वतःच्या कमानीचा पैसा कुठून आला ते सांगता येत नाही, तिने निवडणूक रोख्यांवर भाषणं करू नयेत. हे मी आधी माझ्या तोंडावर मारतो.

आमच्या मंडळाने पाकीट परत करायचा ठराव केला. पैसा खर्च झालेला, म्हणून पुन्हा घरोघर वर्गणी चालू आहे. अठरा हजार अजून बाकी आहेत. वाटेचा वाद मिटलेला नाही, पण पोरं आता बोलायला लागली आहेत. यंदापासून डीजे बंद. 'एक हितचिंतक' ही ओळ वहीत लिहायची नाही, आणि आलेला प्रत्येक रुपया नावासकट भिंतीवर लावायचा, असं ठरलंय.

तुमच्या गावात, वॉर्डात, संघटनेत हेच करा. मत मागायला येणाऱ्याला रस्ता, नळ विचाराच. पण त्याआधी म्हातारीचा प्रश्न विचारा : पावती कुठाय?

जय भीम.