पिकअपवर मोटार लादताय? आधी आरसीवरचे दोन आकडे बघा

नायगाव : बंद पडलेली मारुती गॅरेजला न्यायची, भंगारात काढलेली व्हॅन विकायची, नाहीतर पाण्यात बुडालेली गाडी बाहेर काढायची, अशा वेळी पहिला फोन जातो तो ओळखीच्या पिकअपवाल्याला. जूचंद्र, बापाणे, चिंचोटी, कामण या पट्ट्यात ही नेहमीची गोष्ट आहे. भाडं ठरतं, दोन फळ्या लावल्या जातात, चार जण ढकलतात आणि गाडी वर चढते. वजन किती झालं, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं, "अहो, दीड टनाची गाडी आहे, आरामात घेते."

गाडी घेते हे खरं. पण घेणं वेगळं आणि परवानगी असणं वेगळं.

मर्यादा कुठे लिहिलेली असते

प्रत्येक पिकअपच्या आरसीवर दोन वजनं असतात. एक रिकाम्या गाडीचं आणि दुसरं माल भरल्यावरचं जास्तीत जास्त एकूण वजन. आरसी हाताशी नसेल तर एमपरिवहन किंवा डिजीलॉकर ॲपमध्ये हे आकडे मोबाईलवर दिसतात. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की जे उरतं, तेवढंच लादता येतं.

समजा एकूण वजन 2,990 किलो आणि रिकामी गाडी 1,690 किलो आहे. उरले 1,300 किलो. पण यात ड्रायव्हर, क्लीनर, स्टेपनी सोडून ठेवलेला जादा टायर, साखळ्या, फळ्या, वर बसलेला गाडीमालक हे सगळं येतं. तीन माणसं आणि सामान धरलं तर अडीचशे किलो तिथेच गेले. हौद्याला नंतर लोखंडी फाळके किंवा पिंजरा बसवला असेल तर तेही वजनच. मोटारीसाठी हजार-साडेदहाशे किलो शिल्लक राहिले.

आता मोटारींची वजनं बघा. जुनी अल्टो सातशे किलोच्या आगेमागे, वॅगन आर आठशेच्या वर, स्विफ्ट साधारण नऊशे. अर्टिगा अकराशेच्या पुढे जाते. बोलेरो दीड टनाच्या वर आणि स्कॉर्पिओ, इनोव्हा अठराशेच्या घरात किंवा त्याहून जास्त. म्हणजे वरच्या हिशोबातल्या पिकअपला अल्टो चालते, स्विफ्ट काठावर बसते आणि अर्टिगापासून पुढे नाहीच. छोटा हत्तीची क्षमता तर त्याहून बरीच कमी, त्याच्यावर मोटार चढवायचा विचारही करू नये.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट विसरली जाते. जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या हे इथल्या लोकांना सांगायला नको. बुडालेल्या गाडीच्या सीट, गालिचा आणि दारांत पाणी असतं, खाली चिखल असतो. कागदावरच्या वजनापेक्षा ती जड भरते. दारं उघडून पाणी निथळू द्यावं, मगच लादावी.

एकूण वजन बसलं तरी मागचा ॲक्सल वेगळा

पिकअपचा हौदा साधारण नऊ-दहा फुटांचा. अल्टोसारखी लहान गाडीही अकरा फुटांच्या वर असते. त्यामुळे फाळका खाली सोडून गाडीचा मागचा भाग बाहेर ठेवावा लागतो. भार मागच्या चाकांच्या पलीकडे गेला की पिकअपचं तोंड उचललं जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग हातात राहत नाही. म्हणून पुढे इंजिन असलेली मोटार तोंड केबिनकडे करून चढवतात, तिचा जड भाग आत राहतो.

टायरवरही मर्यादा लिहिलेली असते. बाजूला मापाच्या पुढे जो आकडा असतो, तो भाराचा. 100 म्हणजे एका टायरला 800 किलो, 106 म्हणजे 950 किलो, तेही हवा बरोबर असताना. मागच्या दोन टायरांची बेरीज हीच त्या बाजूची शेवटची हद्द. कमानपाटे वाढवून घेतले की गाडी बसत नाही, पण टायर, ब्रेक आणि आरसीवरचा आकडा तोच राहतो. पाटे वाढवल्याने परवानगी वाढते हा गैरसमज फार जणांचा आहे.

खात्री करायची तर वजनकाट्यावर जावं. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन दुसरं वजन. काट्याचे पैसे दंडापुढे काहीच नाहीत.

दंड कोणाला

मोटार वाहन कायद्याच्या कलम 113 नुसार आरसीवरच्या एकूण वजनापेक्षा जास्त भरून गाडी चालवता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 194 मध्ये यासाठी 20,000 रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनामागे 2,000 रुपये अशी तरतूद आहे. माल उतरवण्याचा खर्च वेगळा, आणि जादा वजन उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत. वजन करायला नकार दिला किंवा गाडी थांबवलीच नाही तर 40,000. माल हद्दीबाहेर मागे, पुढे किंवा बाजूला आला तर त्याला वेगळे 20,000 आहेत, मग वजन मर्यादेत असलं तरी.

हा दंड फक्त ड्रायव्हरचा नाही. चालवणारा, चालवायला लावणारा आणि चालवू देणारा असे तिघे कायद्यात येतात. हप्त्यावर पिकअप घेऊन पगारी ड्रायव्हर ठेवणाऱ्या मालकाने हे लक्षात ठेवावं. अपघात झाला आणि जादा वजन निघालं तर विम्याचा दावाही अडकू शकतो.

2018 मध्ये केंद्राने वजनमर्यादा वाढवली होती, असं काही जण सांगतात. ती वाढ मोठ्या मालट्रकांच्या ॲक्सलची होती. दोन ॲक्सलचा सहाचाकी ट्रक 16.2 टनांवरून 18.5 टनांवर गेला. पिकअपच्या आरसीवरचा आकडा त्याने बदलला नाही.

लायसनची अडचण मात्र मिटली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 ला स्पष्ट केलं की हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात टनांपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, वेगळी नोंद लागत नाही.

ट्रेलर जोडायचा असेल तर

परदेशातल्या व्हिडिओत पिकअपला ट्रेलर लावून मोटारी नेताना दिसतात. ते बघून इथेही हूक वेल्डिंग करून घेणारे आहेत. तिकडच्या पिकअपला कंपनीनेच ओढायचं वजन ठरवून दिलेलं असतं. इथल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत तो आकडा नसेल तर ती ट्रेलरसाठी बनवलेली नाही असंच धरावं. पुढे-मागे असलेला कंपनीचा हूक बंद गाडी थोडं अंतर ओढायला असतो.

आकडा दिलेला असला तरी त्यात ट्रेलरचं स्वतःचं वजन आणि वरची मोटार दोन्ही मोजायची. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हूकावर दाबतो, तो पिकअपच्या मालात धरायचा. ट्रेलरला स्वतंत्र नोंदणी लागते आणि त्याच्या आरसीवर त्याची वेगळी मर्यादा असते. ब्रेक नसलेला भरलेला ट्रेलर मागून ढकलतो. फाउंटनवरून ठाण्याकडे जाताना गायमुख घाटाच्या उतारावर याचा अर्थ नीट कळतो, पण तेव्हा उशीर झालेला असतो.

दोरीने ओढायचं झालं तर दोन गाड्यांमधलं अंतर 5 मीटरच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत ठेवावा. मागच्या गाडीत लायसनवाला माणूस बसलेला हवा. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्ही जड होतात, हे त्याला आधीच सांगावं.

मोठी गाडी असेल तर सरळ सपाट हौद्याची टोइंग गाडी बोलवावी. भाडं जास्त पडतं, पण स्कॉर्पिओसाठी दुसरा मार्ग नाही. गाडी राष्ट्रीय महामार्गावरच बंद पडली असेल तर 1033 या हेल्पलाइनवर फोन करून क्रेन मागता येते. फोन करताना जवळचा किलोमीटरचा दगड आणि गाडी मुंबईच्या बाजूला आहे की गुजरातच्या, हे सांगावं.