मशागत व पृष्ठमृदेचे भौतिक गुणधर्म (मोताळा परिसर)

नांगर, वखर, डवरा किंवा रोटाव्हेटर यांनी जमीन हलवली की तिच्या वरच्या १५ ते २० सेंमी. थराची घनता, सच्छिद्रता, कणरचना, पाणी मुरण्याचा वेग आणि कठीणपणा बदलतो. वाळू, पोयटा व चिकणमाती यांचे प्रमाण, म्हणजे जमिनीचा पोत, मशागतीने सहसा बदलत नाही. बदलते ती कणांची मांडणी. उथळ जमिनीत खोल नांगरटीने खालचा मुरूम वर येतो, तेव्हा मात्र पृष्ठथराचा पोतही बिघडतो.

बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुका दक्षिणेकडील अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि उत्तरेकडील पूर्णेचा सखल भाग यांच्या मधोमध आहे. नळगंगा नदी याच भागातून उत्तरेला पूर्णेकडे वाहते. जमिनी बेसाल्ट खडकापासून बनलेल्या आहेत. राजूर घाटाच्या पायथ्याकडील बरड, मुरमाड रान आणि मलकापूरकडची भारी काळी जमीन यांतील अंतर थोडे असले, तरी मशागतीला त्यांचा प्रतिसाद अगदी वेगळा असतो. कापूस, सोयाबीन, मका, तूर व हरभरा ही येथील मुख्य पिके होत.

अवजारे : वऱ्हाडातील काळ्या जमिनीत परंपरेने मुख्य काम वखराचे. वखराची पास वरचा काही सेंटिमीटरचा थर कापून भुसभुशीत करते, पण तो उलथत नाही. नांगर काही वर्षांतून एकदा, बहुधा कुंदा व हरळी ही तणे काढण्यासाठी लागे. ट्रॅक्टर आल्यावर दरवर्षी नांगरट आणि त्यावर रोटाव्हेटर हा क्रम रूढ झाला.

घनता व सच्छिद्रता : मातीच्या कणांची घनता दर घन सेंमी.ला सुमारे २.६५ ग्रॅम धरतात. पोकळ्यांसह मोजलेली स्थूल घनता १.३ असेल, तर एकूण सच्छिद्रता सुमारे ५१ टक्के येते. ताज्या मशागतीने घनता १.१ पर्यंत उतरली, तर सच्छिद्रता ५८ टक्क्यांवर जाते. दाबाने ती १.६ झाली, तर सच्छिद्रता ४० टक्केच उरते. मोकळेपणा फार टिकत नाही. पहिल्या काही जोरदार पावसांत थर पुन्हा बसतो आणि हंगामाच्या अखेरीस नांगरलेल्या व न नांगरलेल्या रानातील फरक पुष्कळ कमी होतो. काळ्या जमिनीतील स्मेक्टाइट ही चिकणमाती ओलीने फुगते व वाळली की आकसते. त्यामुळे एकाच रानाची घनता ओलाव्याप्रमाणे बदलते. नमुना घेतानाचा ओलावा न नोंदवता केलेली मशागतींची तुलना ग्राह्य धरता येत नाही.

वाफसा : पृष्ठथराची रचना ठरवण्यात अवजारापेक्षा मशागतीच्या वेळचा ओलावा अधिक महत्त्वाचा आहे. वाफशावर, म्हणजे माती हाताला न चिकटता सहज फुटते त्या अवस्थेत, वखर चालवला तर बारीक, दाणेदार माती मिळते. ओल जास्त असताना तीच माती लिंपली जाते, तिची छिद्रे बुजतात आणि वाळल्यावर दगडासारखी ढेकळे निघतात. कोरड्या जमिनीत नांगरटीने मोठी ढेकळे वर येतात. ती उन्हाने तडकतात आणि पावसाच्या पहिल्या सरींनी विरघळल्यासारखी फुटतात. उन्हाळी नांगरटीचा उपयोग या नैसर्गिक फुटण्यावर अवलंबून असतो. रोटाव्हेटरने तेच काम काही मिनिटांत होते, परंतु कण अतिबारीक झाल्याने पावसाच्या माराने वर पापुद्रा धरतो व उगवण अडते. भारी जमिनीत वाफशाचे दिवस मोजकेच असतात. घाईने ओल्या रानात ट्रॅक्टर घातला जातो तो यामुळेच, आणि पृष्ठमृदेचे मोठे नुकसानही त्यातून होते.

पाणी मुरणे : हैदराबादजवळील पाटणचेरू येथे इक्रिसॅट संस्थेने काळ्या जमिनीवर केलेल्या मोजणीत पहिल्या अर्ध्या तासात पाणी मुरण्याचा वेग ताशी सुमारे ७६ मिमी. होता, १४४ तासांनंतर तो ताशी ०.२ मिमी.च्या आसपास आला. सुरुवातीचे पाणी भेगांतून उतरते आणि भेगा मिटल्या की वाट बंद होते. वखरणी व डवरणीचे परिणाम यावरून कळतात. पावसाळा संपताना केलेली डवरणी भेगांची तोंडे बुजवून ओल उडू देत नाही. हीच गोष्ट हरभऱ्याच्या रानाला उपयोगी पडते. भर पावसाळ्यात मात्र भुसभुशीत थराखाली पाणी साचते आणि उतारावर ती माती वाहून जाते. उताराला आडवी मशागत व रुंद वरंबा-सरी पद्धत यांनी हे पाणी थोपवता येते किंवा जादा पाणी सुरक्षित बाहेर काढता येते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने सोयाबीनसाठी या पद्धतीचा प्रसार केला आहे.

पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागात, पाणी मुरण्याची अडचण आणखी वाढते. तेथे चिकणमातीवरील सोडियममुळे कण विखुरतात. विनिमयक्षम सोडियम ५ टक्क्यांवर गेले तरी या जमिनींची जलवहनक्षमता घटते, असे तेथील अभ्यासात दिसले. जमीन चोपण ठरवण्याची सर्वसाधारण १५ टक्क्यांची मर्यादा येथे फार सैल ठरते. अशा चोपण जमिनीत मशागतीचा परिणाम अल्पकाळ टिकतो व जिप्समशिवाय सुधारणा कठीण असते.

तळाचा कठीण थर : दरवर्षी एकाच खोलीवर नांगर चालला आणि ट्रॅक्टरची चाके फिरली की त्या खोलीखाली घट्ट थर तयार होतो. भेदनरोध, म्हणजे मातीत शिरण्यास होणारा विरोध, २ मेगापास्कलच्या पुढे गेला, तर बहुतेक पिकांची मुळे अडतात. काळी जमीन वाळताना पडणाऱ्या भेगा हा थर काही प्रमाणात मोडतात. मध्यम जमिनींना ही सोय कमी.

तापमान : मोकळा, कोरडा पृष्ठथर दिवसा लवकर तापतो, धसकटे व पालापाचोळ्याने झाकलेला थर थंड राहतो.

शून्य मशागत : नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी विकसित केलेली विनानांगरणीची सगुणा पद्धत पुढे कापूस, मका व सोयाबीनलाही लागू करण्यात आली. मुळे जमिनीतच ठेवल्याने सेंद्रिय कर्ब व कणसमूहांची स्थिरता वाढते, हे सामान्यतः मान्य आहे. भारी काळ्या जमिनीत सुरुवातीच्या वर्षांत पृष्ठथर घट्ट होतो की नाही आणि तणनाशकांवरील भिस्त किती वाढते, याबाबत मतभेद आहेत. मोताळ्याच्या उथळ, उताराच्या रानांत किमान मशागत हितकर आहे. खोल काळ्या जमिनीसाठी मात्र एक-दोन हंगामांच्या निरीक्षणावरून निर्णय देता येत नाही.