मणक्यात पू : शेवटचे ७२ तास

रुग्ण काल्पनिक आहे, क्रम मात्र डॉक्टरांच्या ओळखीचा. पंचावन्नचे गृहस्थ, जुना मधुमेह, पायाची जखम नुकतीच भरलेली.

७२ तास आधी : पाठ रात्रभर झोपू देत नाही, अंगात कणकण आहे. दवाखान्यात एक इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या मिळतात. ताप उतरतो. घात इथेच होतो. रक्तातले जंतू दबतात, मणक्याच्या नळीतला पू वाढत राहतो, आणि पुढे कल्चरमध्ये जंतू सापडणं अवघड होऊन बसतं.

४८ तास आधी : कळ बरगडीला वळसा घालून पोटावर येते. सोनोग्राफी नॉर्मल.

२४ तास आधी : एक्स-रेवर ‘मणक्यांची झीज’. पू एक्स-रेत दिसत नाही. ईएसआर आणि सीआरपी या साध्या रक्ततपासण्यांनी संशय आला असता. मधुमेह, ताप आणि पाठदुखी एकत्र असताना त्या लिहून न देणं मला अक्षम्य वाटतं.

१० तास आधी : जिन्यावर चप्पल पायातून निसटते, ते त्यांना पुढच्या पायरीवर कळतं. डॉ. ह्यूसनर यांनी १९४८ मध्ये या आजाराचे चार टप्पे मांडले : पाठदुखी, नसेची कळ, अशक्तपणा, लकवा. तिसऱ्यातून चौथ्यात जायला काही तासही पुरतात.

६ तास आधी : लघवी तुंबते. घरचे म्हणतात, “बाबा, सकाळी मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ.”

२ तास आधी : कॅज्युअल्टी. डॉक्टर एकेक मणका ठोकत खाली येतात. एका मणक्यावर बाबा ओरडतात. कल्चरसाठी रक्त घेऊन लगेच व्हॅन्कोमायसिन आणि सेफ्ट्रिआक्सोन शिरेतून सुरू होतं. पायांत ताकद असती आणि प्रकृती स्थिर असती, तर औषध थांबवून आधी बायोप्सी करता आली असती : स्टॅफिलोकॉकस ऑरियस, टीबी की ब्रुसेला? आपल्याकडे मणका म्हटला की अंदाजानेच टीबीची औषधं चालू होतात, तेही घातकच. आता थांबायला वेळ नाही. एमआरआयसाठी जिल्ह्याला न्यायचं ठरतं.

शून्य : ॲम्ब्युलन्समध्ये दोन्ही पाय हलायचे थांबतात.

त्यानंतर : ऑपरेशनने पू निघतो. अँटिबायोटिक किमान ६ आठवडे चालतं. मणक्याच्या हाडाच्या जंतुसंसर्गात ६ आठवडे १२ आठवड्यांपेक्षा कमी पडत नाहीत, हे २०१५ साली फ्रान्समधल्या चाचणीने दाखवलं. जंतू मरतात, सीआरपी उतरतो. पण पू निघण्याआधी पूर्ण लकव्याला २४ ते ३६ तास उलटून गेले असतील, तर पायांत ताकद क्वचितच परतते.